जॉन कॅलिपारी केंटकीतून का गेले, आणि चाहत्यांशी त्यांचं नेमकं कुठे बिनसलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जॉन कॅलिपारी यांनी केंटकी विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाला पंधरा वर्षांत एक राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं, चार वेळा अंतिम चार संघांत नेलं, ४१० सामने जिंकले. तरीही एप्रिल २०२४ मध्ये ते आर्कान्सा विद्यापीठात निघून गेले, तेव्हा केंटकीच्या बऱ्याच चाहत्यांना हायसं वाटलं. यात दोष कोणाचा? चाहत्यांचं वेड हाताबाहेर गेलं होतं, की कॅलिपारीच त्या जागेला शोभेनासे झाले होते? आणि त्यांच्या जागी आलेले मार्क पोप तिथे टिकतील का?

मी गेली अनेक वर्षं महाराष्ट्रात कॉलेजच्या मुलांना बास्केटबॉल शिकवतो, आंतरविद्यापीठ स्पर्धांना संघ घेऊन जातो, आणि जवळपास तेवढाच काळ अमेरिकेतलं कॉलेज बास्केटबॉल बारकाईने पाहतो आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. कॅलिपारी हरले म्हणून बिनसलं असं मला वाटत नाही. हरल्यावर लोकांसमोर उभं राहून ‘असं का झालं’ हे सांगायचं काम त्यांनी हळूहळू सोडून दिलं, तिथे बिनसलं. केंटकीत ते काम कोचच्या नोकरीचा अर्धा भाग आहे. ज्याला हे पटत नाही त्याने ती नोकरी घेऊ नये.

आधी ती जागा समजून घेऊ. केंटकी राज्यात एनबीएचा, म्हणजे व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, संघ नाही, अमेरिकन फुटबॉलचा किंवा बेसबॉलचा अव्वल व्यावसायिक संघही नाही. पूर्वेला कोळशाच्या खाणींचे डोंगर, मध्ये घोड्यांची कुरणं, पश्चिमेला शेती. एरवी एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या या भागांना बांधून ठेवतो तो लेक्सिंग्टन शहरातला केंटकी विद्यापीठाचा निळा संघ. १९५३ ते १९९२ अशी जवळपास चाळीस वर्षं कॉवूड लेडफर्ड यांच्या आवाजातून रेडिओवर हा संघ घराघरांत पोहोचला. रप अरीना या त्यांच्या मैदानात वीस हजारांहून जास्त लोक मावतात. नावावर आठ राष्ट्रीय विजेतेपदं आहेत. हंगामाच्या तोंडावर ऑक्टोबरमध्ये जाहीर सराव होतो, त्या नुसत्या सरावाच्या तिकिटांसाठी लोक तंबू ठोकून राहत आले आहेत. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असा फुटबॉल सामना ज्यांनी पाहिलाय त्यांना हे वेड समजावून सांगायची गरज नाही. तिथे संघ पेठेचा असतो आणि पेठ संघाची असते, गॅलरीतला माणूस मैदानातल्या कोचला हक्काने चार शब्द सुनावतो. केंटकीत ही पेठ अख्ख्या राज्याएवढी आहे.

अशा लोकांना फक्त विजय हवा असतो, हा बाहेरून पाहणाऱ्यांचा नेहमीचा गैरसमज. १९८९ मध्ये नियमभंगाच्या प्रकरणात केंटकीवर एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने कारवाई केली आणि दर मार्चमध्ये होणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेचे दरवाजे दोन वर्षं बंद झाले. चांगले खेळाडू दुसरीकडे गेले. चार जण थांबले: जॉन पेल्फ्री, डेरॉन फेल्डहाउस, रिची फार्मर आणि शॉन वूड्स. पहिले तिघे केंटकीच्याच लहान गावांतले, चौथा शेजारच्या इंडियानापोलिसचा. नवे कोच रिक पिटिनो यांनी यांनाच हाताशी धरून संघ उभा केला. १९९२ मध्ये, शेवटच्या वर्षी, त्यांना अखेर राष्ट्रीय स्पर्धा खेळायला मिळाली आणि अंतिम चौघांत जायच्या सामन्यात समोर ड्यूक आला. जादा वेळेत २.१ सेकंद उरली असताना केंटकी १०३-१०२ असं पुढे होतं. ग्रँट हिलने मैदानाच्या एका टोकावरून चेंडू फेकला, ख्रिश्चन लेटनरने तो झेलला, वळला आणि मारला. १०४-१०३. केंटकी हरलं. त्यानंतर विद्यापीठाने या चौघांच्या जर्सी रप अरीनाच्या छताला टांगल्या. त्यांच्या नावावर राष्ट्रीय विजेतेपद नव्हतं, पण त्यांना आजही त्या राज्यात ‘विसरता न येणारे’ म्हणूनच ओळखतात. आपल्यासाठी कोण थांबलं हे लोक लक्षात ठेवतात. हे ज्या कोचला उमगलं त्याला तिथे हार पचवता येते.

आता कोचांकडे येतो. ॲडॉल्फ रप यांनी १९३० ते १९७२ अशी बेचाळीस वर्षं हा संघ सांभाळला, ८७६ सामने आणि चार विजेतेपदं जिंकली. त्यांच्यानंतर प्रत्येकाची उंची त्या मापाने मोजली गेली. जो बी. हॉल यांनी १९७८ चं विजेतेपद आणलं, पिटिनो यांनी १९९६ चं. ते बॉस्टन सेल्टिक्सकडे गेल्यावर १९९७ मध्ये टबी स्मिथ आले, आणि पहिल्याच वर्षी विजेते झाले.

स्मिथ यांच्याबद्दल लिहिताना मला आजही वाईट वाटतं. रप यांच्या संघात कृष्णवर्णीय खेळाडूला जागा मिळायला सत्तरचं दशक उजाडावं लागलं होतं. त्याच विद्यापीठाचे स्मिथ हे पहिले कृष्णवर्णीय पुरुष बास्केटबॉल कोच. दहा वर्षांत २६३ विजय, ८३ पराभव. २००३ मध्ये तर आपल्या साखळीतले, म्हणजे ठरावीक विद्यापीठांच्या गटातले, सोळाच्या सोळा सामने त्यांनी जिंकले. शांत, सभ्य माणूस. पण १९९८ नंतर अंतिम चौघांत जाता आलं नाही, खेळाची शैली बचावप्रधान आणि संथ, आणि चाहत्यांच्या एका गटाने त्यांना ‘टेन लॉस टबी’ असं हिणवायला सुरुवात केली, म्हणजे हंगामात दहा सामने हरणारा. २००७ मध्ये ते आपणहून मिनेसोटाला गेले. इथे मी चाहत्यांच्या बाजूने उभा राहू शकत नाही. स्मिथ यांनी कधीच जबाबदारी झटकली नव्हती, लोकांकडे पाठ फिरवली नव्हती. त्यांच्यावर अन्याय झाला. डिसेंबर २०२१ च्या शेवटच्या दिवशी रप अरीनात त्यांच्या नावाची जर्सी वर चढवली गेली, तेव्हा ते हाय पॉइंट विद्यापीठाचे कोच म्हणून समोरच्याच बाकावर होते. चौदा वर्षं उशिरा का होईना, त्या लोकांना ते कळलं याचं मला समाधान आहे.

त्यांच्यानंतरचे बिली गिलिस्पी हे या सगळ्या विषयातलं सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे, म्हणून थोडं थांबतो. टेक्सास ए अँड एमसारख्या फुटबॉलवेड्या विद्यापीठात त्यांनी बास्केटबॉल जिवंत केलं होतं. मार्च २००७ मध्ये त्यांच्या संघाने लुईव्हिलला हरवलं तेही रप अरीनातच, म्हणजे केंटकीच्या लोकांनी आपल्या वैऱ्याचा पराभव स्वतःच्या मैदानात पाहिला. अफाट मेहनती माणूस, खेळाडू हेरणारा, रात्रंदिवस बास्केटबॉल. कागदावर याहून चांगली निवड सापडली नसती. केंटकीत आल्यावर नोव्हेंबर २००७ मध्ये गार्डनर-वेब नावाच्या छोट्या कॉलेजने घरच्या मैदानावर ८४-६८ असं हरवलं. तरी त्या वर्षी संघ सावरला. दुसऱ्या वर्षीची सुरुवात व्हीएमआय या छोट्या कॉलेजकडून हरून झाली, शेवट २२ विजय आणि १४ पराभवांवर, आणि राष्ट्रीय स्पर्धेचं आमंत्रणच आलं नाही. बंदीचा काळ सोडला तर असं कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

पण मार्च २००९ मध्ये त्यांना काढताना क्रीडा संचालक मिच बार्नहार्ट यांनी जे सांगितलं ते प्रत्येक तरुण कोचने लक्षात ठेवावं. हे पद काय आहे, त्याच्या जबाबदाऱ्या काय आहेत, याकडे पाहण्याच्या दृष्टीतच दरी आहे आणि ती नुसते सामने जिंकून भरून निघणारी नाही, असा त्यांचा आशय होता. गिलिस्पी मध्यंतराच्या टीव्ही मुलाखतीत प्रश्न विचारणाऱ्या बाईंना तुटक, कधी कधी अपमानास्पद उत्तरं देत. ते सगळं राज्य थेट पाहत होतं. खरं तर त्यांनी रीतसर करारावर सहीदेखील केली नव्हती. दोन वर्षं ते प्राथमिक सामंजस्याच्या कागदावरच काम करत होते आणि नंतर ते प्रकरण कोर्टात जाऊन मिटलं. मला हा तपशील फार बोलका वाटतो. सराव, खेळाडू आणि सामना एवढंच आपलं काम, बाकीचं त्रासदायक ओझं, असं मानणारे कोच आपल्याकडेही आहेत. एखाद्या अकादमीत ते उत्तम काम करतात. जिथे संघ लोकांचा आहे तिथे ते टिकत नाहीत.

आणि मग एप्रिल २००९ मध्ये मेम्फिसहून कॅलिपारी आले. गिलिस्पी जे टाळत होते ते सगळं या माणसाला मनापासून आवडायचं. ते बोलायचे, राज्यभर फिरायचे, रेडिओवर लोकांचे फोन घ्यायचे. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा त्यांनी टीव्हीवरून निधी उभारला आणि दहा लाख डॉलरच्या वर पैसे जमले. पहिल्याच हंगामात ३५ विजय, ३ पराभव. २०११ मध्ये अंतिम चौघांत, २०१२ मध्ये अँथनी डेव्हिसच्या संघाबरोबर विजेतेपद, २०१४ आणि २०१५ मध्ये पुन्हा अंतिम चौघांत. २०१५ चा संघ ओळीने ३८ सामने जिंकून विस्कॉन्सिनकडून ७१-६४ असा हरला. त्या सहा वर्षांत कोच आणि चाहते यांचं जे मेतकूट जमलं होतं, तसं मी कॉलेजच्या खेळात क्वचितच पाहिलंय.

पण त्याच काळात एक बी पेरलं गेलं होतं. एनबीएने २००६ पासून असा नियम केला की शाळेतून थेट व्यावसायिक खेळात येता येणार नाही, किमान एक वर्ष थांबावं लागेल. देशातली सर्वोत्तम पोरं मग एका वर्षापुरती कॉलेजात येऊ लागली, आणि त्यांना गोळा करण्यात कॅलिपारींचा हात धरणारा कोणी नव्हता. २०१० मध्ये एनबीए ड्राफ्टच्या, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेच्या, पहिल्या फेरीत केंटकीचे पाच खेळाडू निवडले गेले. कॅलिपारी त्या वेळी म्हणाले की केंटकीच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा दिवस आहे. तेव्हा नाव सात विजेतेपदांचं, घरात फोटो चार ‘विसरता न येणाऱ्यांचे’, आणि कोच सांगतोय की पाच पोरं श्रीमंत झाली हा सर्वांत मोठा दिवस. जुन्या चाहत्यांना ते झोंबलं. जिंकत होते तोवर कोणी फार बोललं नाही, पण कोणी विसरलंही नाही.

कोच म्हणून मी कॅलिपारींची बाजू समजू शकतो. गरीब घरातल्या मुलाचं आयुष्य एका वर्षात बदलणं ही छोटी गोष्ट नाही, आणि त्यांना ती मनापासून महत्त्वाची वाटत होती. पण या पद्धतीचा एक परिणाम त्यांनी पुरेसा ओळखला नाही असं मला वाटतं. खेळाडू दर वर्षी बदलू लागले की चाहत्याला जीव लावायला कोणी उरत नाही. नाव पाठ होईपर्यंत पोरगा निघून जातो. मग सगळी माया आणि सगळा राग एकाच कायम चेहऱ्यावर येऊन साचतो, कोचच्या. चार वर्षं खेळणारा स्थानिक मुलगा असतो तेव्हा पराभवाचं ओझं तोही उचलतो, लोक त्याच्याकडे पाहून सावरतात. कॅलिपारींनी ती मधली भिंतच काढून टाकली होती. अशा व्यवस्थेत कोचने इतरांपेक्षा जास्त उत्तरदायी राहायला हवं होतं. झालं उलटं.

२०१५ नंतरचा उतार वेगाने सांगतो. २०१७ आणि २०१९ मध्ये अंतिम चौघांच्या उंबरठ्यावरून परत. २०१९ मध्ये विद्यापीठाने दहा वर्षांचा, साधारण ८.६ कोटी डॉलरचा करार दिला, ज्याला सगळे ‘आयुष्यभराचा करार’ म्हणत. २०२०-२१ मध्ये ९ विजय, १६ पराभव. २०२२ मध्ये पंधरावं मानांकन असलेल्या सेंट पीटर्सकडून पहिल्याच फेरीत जादा वेळेत हार. २०२३ मध्ये दुसऱ्या फेरीत गाशा गुंडाळला. मार्च २०२४ मध्ये पिट्सबर्ग शहरातल्या सामन्यात ओकलंड विद्यापीठाकडून ८०-७६ अशी हार.

ओकलंडच्या सामन्याबद्दल तांत्रिक अंगाने बोललंच पाहिजे, कारण चाहत्यांचा प्रश्न तांत्रिकच होता. त्या सामन्यात ओकलंडच्या जॅक गोहल्के या खेळाडूने दहा थ्री-पॉइंटर (लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट) मारले, एकूण ३२ गुण. हा मुलगा आधी डिव्हिजन दोन या खालच्या श्रेणीतल्या छोट्या कॉलेजात खेळत होता. हंगामभर त्याने दोन गुणांचे शॉट बोटांवर मोजण्याइतकेच घेतले होते, बाकी सगळे बाहेरून. म्हणजे तो काय करणार हे सामन्याआधीच प्रत्येकाला माहीत होतं. अशा खेळाडूला रोखायची रीत आम्ही जिल्हा पातळीवरही शिकवतो: एक माणूस त्याच्या पाठीला चिकटून राहतो, स्क्रीन लागली (म्हणजे समोरच्या संघातल्या कोणी वाटेत उभं राहून बचाव करणाऱ्याला अडवलं) की मोठ्या खेळाडूने मागे न थांबता पुढे येऊन हात दाखवायचा किंवा सरळ माणूस बदलायचा, आणि त्याला चेंडू जमिनीवर टाकून आत यायला भाग पाडायचं. तो आत येऊन दोन गुण करत असेल तर करू द्यायचे. केंटकीच्या मुलांना हे सामनाभर जमलं नाही. ती मुलं कमअस्सल होती म्हणून नव्हे. रीड शेपर्ड आणि रॉब डिलिंगहॅम काही महिन्यांतच एनबीए ड्राफ्टमध्ये पहिल्या दहांत निवडले गेले. शॉट मारण्याची कला अठराव्या वर्षी अंगात असू शकते, पण स्क्रीनवर एकमेकांना आवाज देत बचाव करायची सवय सोबत दोन वर्षं काढल्याशिवाय लागत नाही. आणि २०२१ नंतर नियम बदलले होते. खेळाडूंना एक वर्ष बाकावर न बसता दुसऱ्या कॉलेजात जाता येऊ लागलं, नाव आणि प्रतिमेचे पैसे मिळू लागले, कोविडमुळे एक वर्ष जादा मिळालं. समोरचे संघ तेवीस-चोवीस वर्षांच्या बाप्यांचे झाले होते, आणि कॅलिपारी अजून अठरा-एकोणीसची पोरं घेऊन उतरत होते.

हे सगळं रप अरीनातल्या सामान्य प्रेक्षकाला दिसत होतं. तो दोन-तीन वर्षांपासून हेच विचारत होता. आणि त्या रात्री कॅलिपारींनी दिलेलं उत्तर साधारण असं होतं की आयुष्यभर मी तरुण मुलांचेच संघ घेऊन आलो, इतक्या मुलांचं भलं झालं, आता ते बदलणं मला जड जाईल. उत्तर प्रामाणिक होतं. फक्त प्रश्न विचारणाऱ्याला त्यात जागा नव्हती.

तोवर बोलण्याचे बाकीचे रस्तेही अरुंद झाले होते. ऑगस्ट २०२२ मध्ये नव्या सराव केंद्राची मागणी करताना ते म्हणाले की हे बास्केटबॉलचं विद्यापीठ आहे. त्यावरून फुटबॉलचे कोच मार्क स्टूप्स यांच्याशी जाहीर वाद झाला आणि बार्नहार्ट यांना मध्ये पडावं लागलं. शेवटच्या हंगामात त्यांच्या साप्ताहिक रेडिओ कार्यक्रमात अनेकदा त्यांच्याऐवजी साहाय्यक बसलेले असत. बाहेरच्याला ही किरकोळ बाब वाटेल. ज्या राज्याने चाळीस वर्षं रेडिओवरून हा संघ आपलासा केला, तिथे ती किरकोळ नव्हती. सोमवारी फोन करून ‘कोच, त्या पोराला मागे का ठेवलंत’ असं विचारणारा म्हातारा हा त्या संघाचा मालकच असतो.

ते पूर्ण तुटले होते असंही म्हणता येणार नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये पूर्व केंटकीतल्या पुरानंतर मदतीसाठी त्यांनी संघाचा सराव सामना पाइकव्हिलला नेला. खाणीतल्या पाळीवरून थेट आलेला, अंगावर कोळशाची काजळी असलेला एक बाप लहानग्याला घेऊन तिथे बसला होता. कॅलिपारींनी त्याचा फोटो पाहिला, जगापुढे ठेवला आणि त्या कुटुंबाला रप अरीनात बोलावलं. मदतीच्या प्रसंगी त्यांना आपले लोक बरोबर दिसायचे. बास्केटबॉलचा जाब विचारणारे तेच लोक मात्र शेवटी शेवटी त्यांना त्रासदायक वाटू लागले होते, असा माझा ग्रह आहे.

चाहत्यांचाही हिशोब मांडतो, कारण वेड म्हटलं की सगळं माफ होत नाही. २०१७ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाकडून हरल्यावर त्या सामन्यातल्या एका रेफरीच्या खासगी व्यवसायावर तुटून पडण्यापर्यंत काहींची मजल गेली. धमक्या आल्या, प्रकरण कोर्टात गेलं. याला प्रेम म्हणणाऱ्यांशी माझं जमणार नाही. पण असे लोक कोणत्याही मोठ्या गर्दीत असतात, आणि त्यांच्यावरून सगळ्यांची किंमत ठरवणं ही कोचांची जुनी पळवाट आहे. रागावलेल्यांत दोन प्रकार असतात. एकाला कोणाला तरी झोडायचं असतं, दुसऱ्याला समजून घ्यायचं असतं. कोच गप्प बसला की दुसरा पहिल्याला जाऊन मिळतो. हे मी आपल्याकडच्या छोट्या मैदानांवर, पालकांच्या घोळक्यातही पाहत आलोय. म्हणून माझ्या हाताखालच्या तरुण कोचना मी सांगतो की हरल्यावर सरळ बसकडे जाऊ नका, आधी स्टँडकडे जा.

तर मग ते गेले कसे? ओकलंडनंतर कॅलिपारी आणि बार्नहार्ट टीव्हीवर एकत्र बसले आणि कोच कायम राहणार असं सांगितलं. त्यांना काढायचं तर सुमारे ३.३ कोटी डॉलर मोजावे लागले असते. म्हणजे विद्यापीठ त्यांना काढू शकत नव्हतं आणि ते लोकांना सामोरे जाऊ शकत नव्हते. मग आर्कान्साचे कोच एरिक मुसलमन कॅलिफोर्नियात गेले, जागा रिकामी झाली, आणि कॅलिपारींनी ती घेतली. निरोपाच्या व्हिडिओत ते म्हणाले की या संघाला आता दुसरा आवाज ऐकायची गरज असावी. मला वाटतं गेल्या चार-पाच वर्षांत त्यांनी केंटकीला सांगितलेली ती सर्वांत खरी गोष्ट होती. त्यांचं जाणं योग्य होतं, दोन्ही बाजूंसाठी.

आर्कान्सात त्यांचं बरं चाललं. तिथे एकच राष्ट्रीय विजेतेपद आहे, नोलन रिचर्डसन यांनी १९९४ मध्ये आणलेलं. त्या लोकांना वर नेणारा माणूस हवा होता. केंटकीला आपला वारसा सांभाळणारा हवा असतो, आणि ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याच वर्षी साखळीतले पहिले पाचही सामने हरूनही कॅलिपारींनी दहावं मानांकन घेऊन कॅन्ससला आणि पिटिनो यांच्या सेंट जॉन्सला हरवत संघ शेवटच्या सोळांत नेला. कोच म्हणून ते संपले होते, असं म्हणणाऱ्यांना तिथेच उत्तर मिळालं.

तिकडे केंटकीने एप्रिल २०२४ मध्येच मार्क पोप यांना आणलं. बेलरच्या स्कॉट ड्रू यांनी आणि यूकॉनच्या (कनेक्टिकट विद्यापीठाच्या) डॅन हर्ली यांनी तिथे येणार नसल्याचं स्पष्ट केल्यावर पोप यांचं नाव पुढे आलं, तेव्हा चाहते खवळले, कारण कोच म्हणून राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी एकही सामना जिंकला नव्हता. पण ते १९९६ च्या विजेत्या संघाचे कर्णधार. दोन दिवसांत त्यांच्या स्वागताला रप अरीना भरलं. जुन्या सोबत्यांना घेऊन ते बसमधून आले, आणि इथलं माप विजेतेपदाच्या पताकांचंच आहे हे मला ठाऊक आहे, असं त्यांनी सरळ सांगितलं. ऑक्टोबरमधल्या जाहीर सरावाला त्यांनी पिटिनो यांना बोलावलं. लुईव्हिलचा कोच झाल्याबद्दल वर्षानुवर्षं ज्यांची हुर्यो उडवली गेली, त्या पिटिनोंचं लोकांनी उभं राहून स्वागत केलं. आणि १ फेब्रुवारी २०२५ ला कॅलिपारी आर्कान्साचा संघ घेऊन तिथे आले, त्यांना हुर्यो मिळाली, आणि त्यांनी ८९-७९ असं जिंकून दाखवलं. केंटकीचे लोक माफ करतात, पण वेळ घेतात. कॅलिपारींनाही करतील, माझी खात्री आहे. २०१२ ची पताका त्यांचीच आहे.

राहिला पोप टिकतील का हा प्रश्न. पहिल्या वर्षी जवळपास पूर्ण नवा संघ, दुखापती, तरी ड्यूकला हरवलं आणि शेवटच्या सोळांत गेले. माझ्या दृष्टीने आशेची गोष्ट वेगळी आहे. ते हरल्यावर बोलतात. किती थ्री घ्यायचे ठरवलं होतं, किती घेतले, बचावात कुठे चुकलं, हे आकड्यांसकट लोकांना सांगतात. माजी खेळाडू असल्याची पुण्याई दोन हंगाम पुरते, तिसऱ्यापासून त्यांनाही तेच प्रश्न येतील जे टबींना, गिलिस्पींना आणि कॅलिपारींना आले. एखाद्या मार्चमध्ये कोणीतरी गोहल्के त्यांच्याही वाट्याला येईल. तेव्हा पुढच्या सोमवारी रेडिओवर ते स्वतः बसले असतील तर आणखी बरीच वर्षं ते तिथे राहतील असा माझा अंदाज आहे, विजेतेपद उशिरा आलं तरी.